रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर: गावात शिबिर भरवावं का नाही?

मांजराकाठ
लातूरकडचा आहे, गावाचं नाव सांगत नाही. एका लॅबची माणसं आलती पत्रकं वाटत, "मायक्रो-आरएनए तपासणी, लक्षणं दिसायच्या आधी कॅन्सर कळतो". माणशी ४,५०० रुपये, ५० माणसं जमवली तर ३,८००. गावातली शिकलेली पोरं म्हणू लालेत फसवाफसवी आहे. फसवाफसवी कामून? मायक्रो-आरएनएचा शोध लावणाऱ्या अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालंय. २२ एक अक्षरांची बारकी चिठ्ठी असती ती, पेशीत कोणतं प्रोटीन किती बनवायचं ते दाबून धरणारी, कॅन्सरमधी ह्या चिठ्ठ्यांचा हिशोब बिघडतो अन् त्या रक्तात, थुंकीत, लघवीत सापडतात.
माझी आई गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. दोन वर्षं अंगावरून जात होतं, कुणाला बोलली नाही, आतून तपासायचं म्हणलं की पदर तोंडात धरून भिंतीकडं बघत बसायची. रक्त द्या म्हणलं असतं तर हात पुढं केला असता तिनं. एवढंच म्हणणं आहे माझं.

सेंट्रीफ्यूज_ताई
दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. पण मी १२ वर्षं लॅबमधी रक्त फिरवते म्हणून सांगते. मागच्या मे महिन्यात उदगीरकडून सॅम्पल आले, बाईकच्या डिक्कीत, बर्फाचं पार पाणी झालेलं. ट्यूब फिरवली की वर पिवळसर सिरम यायला पाहिजे, आलं गुलाबी, कोकम सरबतासारखं. म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. आता ह्या तांबड्या पेशींच्या पोटातच मायक्रो-आरएनए भरलेले असतात, ४५१ नंबरचा, १६ नंबरचा, ते सगळे सिरममधी सांडले. मशीन आकडा तर देणारच, पण तो आकडा कॅन्सरचा का डिक्कीतल्या उन्हाचा?

नांदेडी_पोरगं
ताई, सॅम्पल खराब झालं तर दोष सॅम्पल आणणाऱ्याचा, तपासणीचा कसा? २००८ लाच दाखवलंय लोकांनी की हे रेणू रक्तात टिकतात, प्रोटीनला चिकटून नाहीतर बारक्या पिशव्यांत बसून असतात म्हणून, साधा आरएनए तर लगेच तुटून जातो. आणि वृषणाच्या कॅन्सरमधी ३७१ नंबरचा जो आहे त्याचे रिझल्ट बघा, जुन्या मार्करच्या, म्हणजे रक्तात कॅन्सरची खूण दाखवणाऱ्या जुन्या तपासण्यांच्या, पुढं गेलाय. सगळ्याच नव्या गोष्टीला नाव ठेवायची सवयच लागलीय आपल्याला.

सेंट्रीफ्यूज_ताई
३७१ बरोबर आहे, मान्य. पण तो एका ठरावीक कॅन्सरचा एक ठरावीक रेणू, आणि तपासला बहुतेक त्यांच्यात ज्यांना गाठ लागलीय नाहीतर होऊन गेलीय. धडधाकट गावाला रांगेत उभं करून नाही. सगळ्यात गाजलेला २१ नंबरचा, तो कॅन्सरमधी वाढतो, सुजेत वाढतो, हृदयाच्या दुखण्यातही वाढतो. काय सांगायचं पेशंटला?

खडू_फळा
परभणीहून. हिशोब मांडतो. समजा १०,००० माणसं तपासली, त्यात खरे कॅन्सरवाले २०. तपासणी इतकी भारी की १०० तले ९० पकडते आणि निरोग्याला १०० तल्या ५ वेळाच चुकून पॉझिटिव्ह म्हणते. पकडले १८. चुकून धरले ९,९८० चे ५ टक्के, म्हणजे ४९९. ५१७ लोकांच्या हातात पॉझिटिव्ह कागद आणि त्यातले १८ खरे. बाकीच्यांनी सीटी स्कॅनसाठी म्हैस विकायची का?

मांजराकाठ
गुरुजी, ४९९ लोकांची म्हैस जाईल, त्या १८ लोकांचा जीव वाचंल. माझ्या आईला त्या १८ मधी धरा की.

धाराशिवकर
तुमच्या आईला वाचवणारी तपासणी आधीच आहे हो, आणि ती आमच्याच जिल्ह्यात सिद्ध झाली. तेव्हा उस्मानाबाद. १९९९ ला सुरू केलं, टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनी, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारावर बायका. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली त्या गटात ह्या कॅन्सरनं ३४ मेल्या, काहीच नाही केलं त्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच. २००९ ला छापून आलंय. आयुष्यात एकदा, फक्त एकदा.

मांजराकाठ
हां, आणि त्या ६४ पण आपल्याच बायका, तपासणी न करता नुसत्या मोजल्या, ते कामून नाही सांगत? आणि सॅम्पल परत आतूनच. माझा मुद्दाच तो आहे.

धाराशिवकर
त्या ६४ बद्दल तुमचा राग रास्त आहे, माझाही आहे, त्यावर बाहेरच्या लोकांनीपण बोंब मारली होती.

सेंट्रीफ्यूज_ताई
आतूनच पण आता स्वतःचं स्वतः घेता येतं, दार लावून, डॉक्टर नाही का नर्स नाही. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या गाइडलाइनमधी आहे. आमच्या जाऊबाईनं घेतलं, पाच मिनिटं लागली, म्हणाल्या यापेक्षा मेहंदी काढायला जास्त वेळ लागतो.

पानटपरीसमोर
बायकांचं झालं, गड्यांचं काय? आमच्या गल्लीत निम्म्यांचं तोंड उघडत नाही गुटख्यानं, तीन बोटं उभी जात नाहीत. थुंकीतून मायक्रो-आरएनए शोधायलेत म्हणं, शोधू द्या, पण बॅटरी मारून तोंडात बघायला कुणाला ४,५०० लागायलेत? केरळात तोंड बघूनच तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले.

नांदेडी_पोरगं
बॅटरीनं पोटातला दिसतो का? स्वादुपिंडाचा, अंडाशयाचा? तिथं रक्ताशिवाय काय आहे तुमच्याकडं? सांगा की.

सेंट्रीफ्यूज_ताई
आज काही नाही, ह्या लॅबवाल्याकडंबी नाही. दादा, त्या माणसाला एक विचारा, कोणत्या नंबरचे रेणू मोजता आणि गुलाबी सिरम आलं तर सॅम्पल फेकता का चालवता.

मांजराकाठ
विचारलं आत्ता फोन लावून. म्हणाला नंबर कंपनीचं सिक्रेट आहे. गुलाबी सिरमचं विचारलं तर म्हणाला सर मी मार्केटिंगला आहे. शिबिराच्या बुकिंगचे ५०० दिलते, ते मागितले तर हॅलो हॅलो करून ठेवला. तरी आईनं हात पुढं केला असता हे मी मागं घेत नाही. ताई, ते स्वतः घ्यायचं किट लातुरात कुठं मिळंल? बायकोसाठी.

पानटपरीसमोर
५०० गेले म्हणून सोडा. पत्रक ठेवा, मागची बाजू कोरी असती, उधारी लिहायला येती.