मारुती जिप्सी २ इंच उचलायची आहे: जादा पान की नवे पाटे?

प्रश्न: पुढे-मागे पाटेच (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या; एक पट्टी म्हणजे पान) आहेत, मागे कायम सामान. काय करू?

उत्तर १: नवा संच घ्या. थकलेल्या पाट्यांत एक ताठ पान घातलं की भार त्यावरच येतो. गाडी आदळते, पान सेंटर बोल्टपाशी (पानं मधोमध जोडणारा बोल्ट) तुटतं. उंचीआधी सामानाचं वजन सांगा, त्यावर पाटा ठरतो.

उत्तर २: उंचीसाठी पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा) नकोच. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो, स्टिअरिंग वळणानंतर सरळ परतत नाही.

उत्तर ३: पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्टही नवेच, जुने ताणलेले असतात. बुशचे (पाट्याच्या टोकांतले रबर) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, जॅकवर आवळले तर बुश पिळून फाटतात. चाकं लोंबकळत असताना ब्रेक होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जात नाही ना, बघा. ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.