कस्टम मॅप लॉक करायचा की उघडा ठेवायचा? (वॉरक्राफ्ट ३)

टॉवरवाला_सातारा
मंडळी एक विचारायचंय. वॉरक्राफ्ट ३ गेमच्या वर्ल्ड एडिटरमध्ये (खेळणाऱ्यांना स्वतःचे मॅप बनवता येतात ते टूल) टॉवर डिफेन्सचा, म्हणजे टॉवर उभारून शत्रूच्या लाटा अडवायचा, मॅप बनवतोय, होत आलाय. मागचा छोटा मॅप उघडाच टाकला होता, तर कुणीतरी लोडिंग स्क्रीनवरचं माझं नाव काढून स्वतःचं टाकलं आणि बिनधास्त फिरवला, फार लागलं मनाला. आता मित्र म्हणतात प्रोटेक्ट कर, म्हणजे दुसऱ्याला एडिटरमध्ये उघडताच येऊ नये असा लॉक कर, विषय संपला. पण मी शिकलोच दुसऱ्यांचे मॅप उघडून, कुठला ट्रिगर (अमुक झालं की तमुक कर अशी सूचना) कशाला लावलाय ते बघून बघून, त्यामुळे हात धजावत नाही. तुम्ही काय करता?

जासवाला
आधी लॉक केल्यावर आत काय होतं ते बघ. मॅपची फाईल म्हणजे एक आर्काईव्ह, त्यात बऱ्याच फाइली. त्यातली ट्रिगरची फाईल फक्त एडिटरला लागते, गेमला नाही, गेम नुसती स्क्रिप्ट, म्हणजे जास (किंवा लुआ) भाषेतला कोड, वाचतो. प्रोटेक्ट करणारं टूल ती ट्रिगरची फाईल उडवतं, व्हेरिएबलची नावं एकदोन अक्षरांची करून टाकतं, झालं. मॅप चालतो, एडिटरमध्ये उघडत नाही. पण स्क्रिप्ट आतच राहते ना, ती काढली तर गेम चालणारच नाही, त्यामुळे ज्याला येतं तो ती उघडून वाचतोच. तुझं नाव पुसणारा एक वेळ तरीही पुसेल, अडकतो तो शिकायला आलेला पोरगा. आणि लॉक करशीलच तर मूळ (लॉक न केलेली) फाईल दोन ठिकाणी जपून ठेव, ती गेली की तुझाच मॅप तुला उघडणार नाही.

मिडलेन_कांदिवली
मला नाही पटत. कॅफेत लॅनवर डोटा (वॉरक्राफ्टचाच गाजलेला कस्टम मॅप) खेळलेल्यांना विचार. ज्याच्याकडे मॅप नाही त्याला लॉबीत, गेम सुरू व्हायच्या आधी, होस्टकडूनच (गेम लावणाऱ्याकडून) डाउनलोड होतो, मग होस्टने आत चीट घुसवलेला मॅप लावला की सगळे तोच खेळतात आणि कुणाला पत्ताच नसतो, गडी चॅटमध्ये ठरलेली अक्षरं टाईप करतो आणि गोल्ड धडाधड वाढतं. उघड्या मॅपमध्ये हे करायला अक्कल लागत नाही, लॉक असला तर निदान दहातले नऊ जण नाद सोडतात. डोटा ऑलस्टार्स लॉक असायचा तो उगाच नाही. माणसामाणसाच्या विरुद्ध खेळायचा मॅप असेल तर लॉक केलाच पाहिजे.

जुना_मॅपर
डोटाचं नाव काढलंच आहे तर पूर्ण सांगतो. स्टारक्राफ्ट गेमच्या 'एऑन ऑफ स्ट्राइफ' मॅपवरून कल्पना घेऊन यूल नावाच्या मॅपरने पहिला डोटा केला. २००३ मध्ये वॉरक्राफ्ट ३ चा वाढीव भाग फ्रोझन थ्रोन आला आणि ज्याने त्याने आपापला डोटा काढला, ऑलस्टार्स त्यातलाच, त्यात तर वेगवेगळ्या डोटांमधले हिरो एकत्र आणलेले. आणि २००४ मध्ये यूलने स्वतः जाहीर केलं की डोटा आता सगळ्यांना खुला, कुणीही आपली आवृत्ती काढा, मला विचारायची गरज नाही, फक्त क्रेडिट्समध्ये माझं नाव असू द्या. केवढं मोठं मन लागतं याला!

ऑलस्टार्स लॉक होता हे खरं, पण तो वाचला का? कारण मूळ फाईल एका मॅपरकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे गेली, गिन्सू, मग नीकस, मग २००५ पासून आइसफ्रॉग. ज्यांनी लॉक केलं आणि फाईल कुणाला न देताच गायब झाले त्यांचे कितीतरी चांगले मॅप एखाद्या बगपायी मेले, दुरुस्त करायला कुणी उघडूच शकत नाही. मला याचंच वाईट वाटतं, चोरीपेक्षा जास्त. तर मिडलेन, चालू आवृत्ती लॉक ठेवायला माझी हरकत नाही, पण मूळ फाईल एका तरी भरवशाच्या माणसाकडे हवीच.

आणि मालकीचं म्हणशील तर रिफोर्ज्डपासून (वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती), म्हणजे २०२० पासून, गेम काढणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या नियमात कस्टम गेम त्यांच्याच मालकीचे. लॉक लावून मालकी काही येत नाही भावा.

टॉवरवाला_सातारा
माझा मॅप सगळे मिळून लाटा अडवायचा, आपसात मारामारी नाही, म्हणजे चीटचा तेवढा प्रश्न नाही. मग उघडाच टाकतो. नाव लोडिंग स्क्रीनवर आणि एफ९ दाबल्यावर येणाऱ्या क्वेस्टमध्ये, दोन्हीकडे टाकतो.

जासवाला
क्वेस्टमध्ये ज्यांचे मॅप उघडून शिकलास त्यांचीही नावं टाक. आणि ट्रिगरला कॉमेंट लिही रे, उघडणाऱ्याला कळलं तर पाहिजे.

मिडलेन_कांदिवली
टाकलास की इथे कळव, रविवारी चौघं जमून खेळून बघतो.