निळ्या पोर्टला हार्ड डिस्क लावूनही ‘यूएसबी ३.० ला जोडा’ अशी सूचना येते

धंतोली_डीटीपी:
नमस्कार. डेस्कटॉप एच८१ (इंटेलचा चिपसेट) मदरबोर्डाचा, विंडोज १०. २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क समोरच्या निळ्या (म्हणजे यूएसबी ३.० च्या) पोर्टला लावली की कोपऱ्यात सूचना येते: हे उपकरण यूएसबी ३.० ला जोडल्यास जास्त वेगाने चालेल. कॉपीचा वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जात नाही. मागच्या निळ्या पोर्टला सूचना कधी येते, कधी नाही. ड्रायव्हर परत टाकून पाहिला. नागपुरात बर्डीच्या दुकानात ‘डिस्क गेली, नवी घ्या’ म्हणतात. खरंच गेली का? याच मशीनवर वायरलेस माऊसही मधूनमधून अडखळतो.

तारजोड:
भाऊ, डिस्क बदलू नका. बिघडणारी डिस्क वेगात चढउतार दाखवते, मध्येच थांबते. एकसारखा ३५ म्हणजे यूएसबी २.० ची मर्यादा: कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (म्हणजे ६० एमबी), हाती ३० ते ४० एमबी.

२.० च्या पोर्टात ४ संपर्कपट्ट्या असतात, ३.० मध्ये आणखी ५. वेगाचा डेटा या ५ वरूनच जातो. त्यातली एक जरी नीट टेकली नाही तरी जोडणी जुन्या ४ वर होते, डिस्क चालते पण हळू, आणि विंडोज तेच सांगतं. म्हणून सूचना बंद करून टाकू नका.

प्लग हळूहळू सरकवला तर जुने संपर्क आधी टेकतात आणि डिस्कची नोंद २.० म्हणून होऊन जाते. काढा आणि सरळ, एका दमात शेवटपर्यंत दाबा.

मग केबल. डिस्कच्या बाजूचा चपटा, रुंद प्लग दोन भागांचा असतो. अरुंद भागात ते ५ संपर्क असतात. तो ढिला झाला की नेमकं हेच होतं. रुंद भागात मोबाइलची साधी मायक्रो केबलही बसते आणि डिस्क चालू होते, पण २.० वरच. अर्ध्या मीटरपर्यंतची चांगली ३.० केबल लावून मागच्या पोर्टवर तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

वेग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरवरून ठरवू नका, त्यातल्या ३.० च्या रूट हबखाली (पोर्टांच्या मुख्य नोंदीखाली) २.० ची उपकरणंही दिसतात. ‘यूएसबी ट्री व्ह्यू’ हे मोफत साधन प्रत्येक पोर्टवर जोडणी कोणत्या वेगाने झाली ते दाखवतं.

कॅबिनेटवाला:
समोरच्या पोर्टबद्दल. मशीन बंद करा, विजेचा प्लग काढा, झाकण उघडा. पुढून येणारी जाड, कडक केबल बोर्डावरच्या १९ पिनांच्या हेडरमध्ये (केबल लावायच्या खाचेत) जाते का बघा. पुष्कळदा बोर्डावर तो हेडर नसतो, मग मशीन जोडून देणारा अडॅप्टर लावून ती ९ पिनांच्या २.० हेडरला देतो. तसं असेल तर पुढचा पोर्ट फक्त रंगाने निळा आहे. एच८१ चिपसेटकडे स्वतःचे ३.० पोर्ट दोनच असतात आणि ते बहुधा मागे दिलेले असतात.

हेडर असेल तर पिना तपासा. तिरका दाबला की वाकतात. बारीक चिमट्याने अगदी हळू सरळ करा, दोनदा वाकवलेली पिन तुटते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएचसीआय, म्हणजे ३.० चा कंट्रोलर, ‘डिसेबल्ड’ असेल तर सगळेच पोर्ट २.० होतात, तेही बघून घ्या. वेगळा ड्रायव्हर विंडोज ७ ला लागत होता. ८ पासून तो आतच आहे, त्यामुळे परत टाकून फरक पडायचा नाही.

लहरी_२४००:
माऊसचं कारण बहुधा याच जागी आहे. ३.० वर डेटा वाहताना २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो; इंटेलने २०१२ मध्ये त्यावर शोधनिबंध काढला होता. सूचना न येता कॉपी वेगात चालते तेव्हाच माऊस अडखळतो का, ते पाहा. तसं असेल तर माऊसचा डाँगल (पोर्टात लावायचा छोटा रिसीव्हर) काळ्या २.० पोर्टला, एक मीटरच्या एक्स्टेंशनवर डिस्कपासून लांब ठेवा.

मागचा पोर्ट कधी चालतो, कधी नाही: आपल्याकडे उन्हाळाभर खोलीत कूलर असतो, ओल्या हवेत धूळ संपर्कांवर चिकटून बसते. मशीन बंद करून पातळ, धागे न सुटणाऱ्या कापडाला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल आत जाते.

धंतोली_डीटीपी:
नव्या केबलने मागे ११० एमबी मिळतोय, सूचना गेली. समोर अडॅप्टरच निघाला. पुढचा पोर्ट ३.० करायला कार्ड टाकावं का?

कॅबिनेटवाला:
टाका. पीसीआय एक्सप्रेस एक्स१ चं (बोर्डावरच्या छोट्या स्लॉटात बसणारं), आतल्या बाजूला १९ पिनांचा हेडर असलेलं घ्या. कार्डावर साटा पॉवरची (पॉवर सप्लायमधून येणाऱ्या विजेच्या वायरची) जागा असेल तर ती वायर नक्की जोडा, ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायला हवेत, दोन डिस्क एकदम लावल्या आणि वीज कमी पडली की त्या मध्येच सुटतात. एच८१ चा एक्स१ स्लॉट सेकंदाला साधारण ५०० एमबीचा आहे, फिरत्या डिस्कला तेवढं भरपूर.