ईसीएचएसचे कार्ड असूनही औषधांचा खर्च खिशातून का जातो?

निवृत्त सुभेदार, धनकवडी

परवा येथेच एका सदस्यांनी लिहिले की माजी सैनिकांना ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेतून, जन्मभर विनामूल्य उपचार आणि औषधे मिळतात, तरीही त्यांची कुरकुर थांबत नाही. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याने मात्र दरवर्षी विम्याचा हप्ता भरायचा आणि औषधे रोखीने घ्यायची, असेही त्यांचे म्हणणे होते. त्या लेखनाला चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

पहिली गोष्ट, ही खिरापत नाही. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली ही योजना अंशदानावर चालते. मी २०१८ मध्ये निवृत्त झालो तेव्हा माझे ६७,००० रुपये भरून घेतले गेले; हवालदारापर्यंतच्या जवानाकडून ३०,००० आणि अधिकाऱ्याकडून १,२०,००० घेतात. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना अंशदान माफ आहे हे खरे, पण ती मंडळी आज वयाच्या कोणत्या टप्प्यावर आहेत आणि त्यांना कोणत्या काळात किती पगार होता, हे लक्षात घेतले तर त्यावर कोणी बोट ठेवू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सकाळी लवकर योजनेच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, जाऊन टोकन घ्यायचे, डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची आणि औषधांच्या खिडकीपुढे उभे राहायचे. पाच औषधे लिहिलेली असली तर बहुधा तीन मिळतात आणि उरलेल्या दोन नावांपुढे लाल शाईने ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असे लिहिले जाते. मग ती औषधे ठरवून दिलेल्या दुकानदाराकडून मागवली जातात, म्हणजे दोन-तीन दिवसांनी पुन्हा फेरी. साखरेची किंवा हृदयाची गोळी दोन-तीन दिवस थांबवता येत नाही, म्हणून माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेतो. त्या पैशांची भरपाई मागायची तर चिठ्ठीची प्रत, एनएचा शेरा, मूळ बिल, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. कागद अपुरा निघाला तर सगळे परत. चारशे-पाचशे रुपयांसाठी हा खटाटोप सत्तरी ओलांडलेला माणूस करत नाही. मी विचारले त्यांपैकी बहुतेकांनी दावा करणे केव्हाच सोडून दिले आहे. त्यामुळे योजनेच्या हिशेबात हा खर्च कधी उमटतच नाही. कागदावर औषध मिळालेले असते आणि पैसे मात्र निवृत्तिवेतनातून गेलेले असतात.

कात्रजकर

ज्यांच्या लेखनावर हा धागा निघाला तो मीच. सुभेदार साहेब, आपल्या सेवेविषयी मनात पूर्ण आदर ठेवून लिहितो, पण आपण दिलेला आकडाच माझी बाजू सिद्ध करतो. ६७,००० रुपये आपण आयुष्यात एकदा भरले. पिंपरीतील कारखान्यातून निवृत्त झालो त्या दिवशी कंपनीचा समूह विमा संपला आणि आज पत्नीचा व माझा मिळून जवळपास तेवढाच हप्ता मला दरवर्षी भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्याआधी जानेवारीत विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी परवानगीची अट घातली, आणि या दोन्हींचे मी स्वागतच केले. पण दरसाल १० टक्के वाढीनेही सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो, निवृत्त माणसाचे उत्पन्न होत नाही.

शिवाय माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या औषधांना छदामही मिळत नाही. आपल्याला पाचांपैकी तीन औषधे मिळतात, मला एकही नाही. तक्रार जरूर करा, पण आमच्यासमोर करताना ही तुलना ध्यानात असू द्या.

निवृत्त सुभेदार, धनकवडी

आपला हप्ता जाचक आहे हे मान्य करतो. तो कमी व्हावा म्हणून आपण लढा द्या, मी सही करीन. पण शेजाऱ्याच्या घरात अंधार आहे म्हणून मी माझ्या घरातला मिणमिणता दिवा पुरेसा मानावा, हे मला पटत नाही. सियाचीनला गुडघे आणि फुप्फुसे झिजवून आलेल्या माणसाला सरकारने शब्द दिलेला आहे. त्या शब्दाची तुलना बाजारातल्या पॉलिसीशी करणेच मुळात गैर आहे.

भोरचा नाईक

पुण्यात राहणाऱ्यांचे त्यातल्या त्यात बरे आहे. वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल आहे, हृदयासाठी लष्कराची वेगळी संस्था आहे. आम्ही पहाटेची एसटी धरून स्वारगेटला उतरतो आणि तेथून पुढे रिक्षा करतो. औषध महिन्याचेच मिळते आणि एनए निघाले तर फेरी वाया जाते. भाड्याची भरपाई कोणत्याच नियमात बसत नाही. आमच्या गावात २००३ पूर्वी निवृत्त झालेले आणि योजनेचे सदस्य न झालेले काही जण आहेत. ते दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्त्यावर समाधान मानतात, आणि किरकोळ आजारांपुरते पाहिले तर त्यांचे गणित आमच्यापेक्षा सरळ आहे. अर्थात बायपासची वेळ आली की तेच आमच्याकडे हेव्याने पाहतील, हेही खरे.

कात्रजकर

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. ते का घेत नाही?

भोरचा नाईक

कारण दोन्ही एकदम घेता येत नाहीत. ईसीएचएस किंवा आयुष्मान, यांतील एकच निवडावे लागते, आणि आयुष्मानमधून दरमहाच्या गोळ्या मिळत नाहीत. आमचे दुखणे तर गोळ्यांचेच आहे.

औषधविक्रेती, सहकारनगर

एनएची चिठ्ठी घेऊन येणारे कितीतरी माजी सैनिक माझ्या दुकानात येतात, म्हणून लिहिते. त्यांचा निम्मा खर्च हा विशिष्ट कंपनीच्या आग्रहातून होतो. खिडकीवर तेच औषध दुसऱ्या कंपनीचे मिळत असते, पण ‘माझी नेहमीची गोळी नाही’ म्हणून ते घेत नाहीत किंवा घेऊन घरी टाकून देतात आणि माझ्याकडे येऊन महागडी पट्टी मागतात. मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचे उदाहरण घ्या. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि जी गोळी सुमारे साठ रुपयांना पडत होती, तिचे पर्याय दहा रुपयांच्या आसपास आले. तरीही मूळ कंपनीचीच द्या म्हणणारे ग्राहक आहेत. जनऔषधी केंद्राचा पत्ता मी स्वतः सांगते, तेव्हा ‘त्या गोळ्यांत दम नसतो’ असे उत्तर मिळते.

निवृत्त सुभेदार, धनकवडी

बाई, ज्या गोळीवर आपल्याला नफा अधिक, ती आपण पुढे करता आणि दोष आमच्या आग्रहाला देता, हे योग्य नाही. आम्ही आयुष्यभर मिळेल ते खाल्ले आणि मिळेल ते अंगावर घातले. आग्रह धरण्याची सवय आम्हाला फौजेने लावलेली नाही.

औषधविक्रेती, सहकारनगर

नफ्याचा आरोप करण्यापूर्वी नियम पाहावेत. किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो, तो मी ठरवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये याच औषधांच्या कमाल किमती घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार १०.७७ टक्क्यांनी आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांनी वाढू दिल्या गेल्या. नियंत्रणाबाहेरच्या औषधांची किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. दरवाढीचा राग ज्याच्यावर काढायला हवा, तो माझ्या काउंटरपलीकडे उभा नसतो. आणि मला नफाच हवा असता तर जनऔषधीचा पत्ता मी कशाला सांगितला असता?

एक डॉक्टर, कोथरूड

चर्चा अपरिहार्यपणे जेनेरिकवर, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांवर, आली आहे, तर स्पष्ट लिहितो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आम्हाला जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याचे बंधन घातले आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित करावे लागले. आमचा विरोध कंपन्यांच्या प्रेमापोटी होता असे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही. मी नाव लिहिले नाही तर कोणती गोळी द्यायची हे दुकानदार ठरवणार, आणि गोळी लागू पडली नाही तर जाब मला द्यावा लागणार. फिट येण्यावरची, थायरॉईडची आणि रक्त पातळ ठेवण्याची काही औषधे अशी असतात की त्यांत उत्पादक वारंवार बदलू नये; बदलला तर तपासण्या पुन्हा करून मात्रा जुळवावी लागते. सरकारी खरेदीच्या निविदा पद्धतीत दर खरेदीला उत्पादक बदलू शकतो. सुभेदारांच्या पिढीचा अविश्वास सगळाच निराधार नाही.

औषधविक्रेती, सहकारनगर

ती औषधे मोजकी आहेत, डॉक्टर. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल या रोजच्या गोळ्यांसाठी त्यांचा दाखला देऊ नका. जी औषधे पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्यांना एप्रिल २०१७ नंतर परवाना देताना मूळ औषधाइतकाच परिणाम सिद्ध करावा लागतो. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, मग रुग्णाला का सांगत नाही?

एक डॉक्टर, कोथरूड

रोजच्या औषधांपुरते आपले म्हणणे मान्य, त्यापलीकडे नाही. परवाना देताना घेतलेली चाचणी आणि पाच वर्षांनी बाजारात आलेल्या खेपेचा दर्जा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्न व औषध प्रशासनाने नमुने पुरेशा संख्येने तपासले तर मी उद्यापासून कंपनीचे नाव लिहिणे सोडून देईन.

दिवंगत नाईकांची लेक, विश्रांतवाडी

आपण सगळे दर्जावर भांडत आहात. आमच्या घरी जे झाले त्यात गोळीचा दर्जा उत्तम होता.

वडील गेल्यापासून आईच्या नावाचे कार्ड आहे. तिला रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू आहे. एका महिन्यात पांढरी गोल गोळी मिळाली, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची, फिकट गुलाबी आणि लांबट. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे आणि पट्टीवरचे नाव इंग्रजीत असते. तिला वाटले की डॉक्टरांनी नवीन औषध वाढवले. आधीच्या महिन्यातल्या उरलेल्या पांढऱ्या गोळ्या आणि नव्या गुलाबी गोळ्या ती रोज दोन्ही घेत राहिली. पावले इतकी सुजली की चपलेचा पट्टा लागेना, आणि एका सकाळी न्हाणीघरात ती चक्कर येऊन पडली. मांडीचे हाड मोडले.

योजनेच्या यादीवरील एका खासगी रुग्णालयात नेले, तर ईसीएचएस म्हटल्यावर खाट नाही असे उत्तर मिळाले. रोख भरणार का, असेही विचारले. शेवटी लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी तिची जी काळजी घेतली, तिला तोड नाही. कात्रजकर काका, त्या शस्त्रक्रियेचा एक रुपयाही आम्हाला पडला नाही, हे मी लपवत नाही. पण खिडकीवर पट्टी हातात देताना ‘ही मागच्याच औषधाची गोळी आहे, जुनी बंद करा’ एवढे एक वाक्य मराठीत कोणी बोलले असते, तर ती शस्त्रक्रिया करावीच लागली नसती. आता मी प्रत्येक पट्टीवर जाड पेनाने ‘बीपी, सकाळी एक’ असे लिहिते आणि जुन्या पट्ट्या घरात ठेवत नाही.

कात्रजकर

ताई, आपल्या आईंना लवकर आराम पडो. खाट नाकारण्याचा प्रकार संतापजनक आहे आणि त्याबाबत मी सुभेदारांच्या बाजूने आहे. मात्र रुग्णालये असे का करतात, याकडेही पाहा. त्यांना ईसीएचएसकडून ज्या दरांनी पैसे मिळतात ते सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दर वर्षानुवर्षे जुनेच राहिले, मोठी सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली, आणि बिलांचे पैसे महिनोन्महिने अडकतात. आपल्या योजनेची उधारी रुग्णालये माझ्यासारख्या विमाधारकाच्या बिलातून भरून काढतात, असा माझा समज आहे.

निवृत्त सुभेदार, धनकवडी

तो समज आपल्यापाशी ठेवा. उधारी सरकारची आहे, माजी सैनिकाची नाही. माझे पैसे पहिल्याच दिवशी भरलेले आहेत. करारावर सही करून यादीत नाव लावणारे रुग्णालय दारात आलेल्या विधवेला परत पाठवते, याचे स्पष्टीकरण दराने होत नाही. ताई, खाट नाकारल्याची लेखी तक्रार अजूनही करा. तारीख आणि वेळ लिहून ती पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला फौजेत काय किंवा बाहेर काय, किंमत नसते.

औषधविक्रेत्या बाईंना एवढेच सांगतो की गोळीचा रंग बदलला म्हणून मीही पूर्वी पट्टी परत केली आहे, आणि तेव्हा खिडकीवर कोणी समजावून सांगितले असते तर केली नसती. आमच्या माजी सैनिक संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी दोन मागण्या मांडणार आहे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव आणि ते कशासाठी आहे हे मराठीत छापून द्यावे. आणि एनए लिहिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद दर महिन्याला फलकावर लावावी, मग कोणी दावा करो वा न करो.

औषधविक्रेती, सहकारनगर

पहिली मागणी लिहून पाठवाल तर नेहमीच्या औषधांची मराठी यादी मी तयार करून देते. नफ्याबद्दल आपण जे बोललात, ते मात्र मी विसरलेले नाही.

कात्रजकर

दुसऱ्या मागणीला माझा पाठिंबा आहे. कर आम्हीही भरतो, तेव्हा त्या फलकावर काय लिहिले आहे ते आम्हालाही वाचता आले पाहिजे. हप्त्याबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे.