सेलममध्ये नक्की कशामुळे पेटलं? मदत हवी आहे

मंडळी, १६९२ च्या सेलमच्या चेटकीण खटल्यांबद्दल वाचतेय आणि डोकं भणभणलंय. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधलं कट्टर प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट ख्रिश्चन पंथाचं) गाव, १९ जणांना फाशी, जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला तर अंगावर दगड रचून मारलं. राय (rye) धान्यावरच्या बुरशीने लोकांना भास झाले ही थिअरी मला अजिबात पटत नाही, कारण चेटूक कबूल करणारे बहुतेक वाचले आणि सत्तरीतली धार्मिक रिबेका नर्स, जिला ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं होतं, ती फासावर गेली, हे बुरशीने कसं होईल? सॅम्युअल पॅरिस या पाद्र्याच्या पगारावरून, जळणाच्या लाकडांवरून चाललेली भांडणं, पटनम घराण्याचं वैर, उत्तरेकडच्या मेन (Maine) भागातल्या लढाईतून पळून आलेली घाबरलेली माणसं, हे जास्त खरं वाटतं. पण अशी भांडणं न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) बाकी गावांतही होतीच ना, मग तिथे एवढं का नाही भडकलं? कोणी अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर सांगा.