लिहितानाच बोटं आखडतात, बाकी सगळं जमतं: रायटर्स क्रॅम्प असेल का?

निळी_शाई:
मोठ्या भावाचं वय ४४. तीन-चार शब्द लिहून झाले की उजवी तर्जनी पेनवर घट्ट दाबली जाते, अंगठ्याचं टोक वाकतं आणि मनगट आत वळतं. टायपिंग, जेवण, शर्टाची बटणं, कशातच अडचण नाही. दुखतही फारसं नाही. मानेचा एमआरआय आणि हाताची नर्व्ह टेस्ट नॉर्मल आहे. पकड कमजोर झाली असेल असं समजून तो रोज रबरी बॉल दाबतोय. त्यानंही फरक नाही. आता डाव्या हाताने लिहायला शिकावं की इंजेक्शन घ्यावं?

चेतातंतू:
बॉल दाबणं थांबवायला सांगा. ताकद कमी पडत नाहीये, ती नको तिथे लागतेय. वर्णनावरून रायटर्स क्रॅम्पच वाटतो, म्हणजे एकाच कामापुरता होणारा डिस्टोनिया (मेंदूच्या चुकीच्या संदेशांमुळे स्नायू आपोआप आवळले जाण्याचा विकार). बारीक हालचाल करताना मेंदू हवे ते स्नायू चालवतो आणि शेजारच्यांना रोखून धरतो. हे रोखणंच कमी पडलं की बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकदमच आवळतात. म्हणून तपासण्या नॉर्मल येतात. निदान रुग्णाला लिहिताना बघूनच करायचं असतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी दोन व्हिडिओ काढा. एक नेहमीसारखं लिहिताना, कोपरापासून बोटांपर्यंत सगळं दिसेल असा. यात एक घोळ असतो: मनगट वळणं हा मूळ दोष आहे की अंगठा वाकल्यामुळे भावाने नकळत काढलेली पळवाट, हे कळत नाही. म्हणून दुसरा व्हिडिओ डाव्या हाताने लिहितानाचा, उजवा हात टेबलावर सैल ठेवून. अनेकांत डावा हात लिहीत असताना उजव्याची दोषी बोटं आपोआप वाकायला लागतात. उजव्या हातात पेनच नसल्याने पळवाटेचा प्रश्न येत नाही. कुठल्या स्नायूत इंजेक्शन द्यायचं हे ठरवायला हाच व्हिडिओ जास्त उपयोगी.

अक्षर बारीक होत जाणं, चालताना हात न हलणं, रात्री मुंग्या येणं, करंगळी बधिर होणं, यांतलं काही असेल तर आवर्जून सांगा. मग पार्किन्सन किंवा दबलेली नस आधी तपासावी लागते. चालू असलेल्या औषधांची यादीही न्या. मळमळीवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी डिस्टोनिया होतो.

हात_आणि_काम:
ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचारांच्या) बाजूने लिहिते. सगळ्यात आधी पकड बदलून बघा. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात ठेवायचं, अंगठ्याने फक्त टेकू द्यायचा. पेनवर फोमची जाड नळी चढवा. बॉलपेनपेक्षा जेल पेनला दाब कमी लागतो. कागदाखाली कार्बन पेपर आणि आणखी एक कागद ठेवा. खालची प्रत जितकी फिकी, तितका हात सैल. हे मोजमाप डोळ्यांना दिसतं, म्हणून "हात सैल सोडा" असं शंभरदा सांगण्यापेक्षा जास्त कामाला येतं.

सराव उभ्या बोर्डवर मार्करने सुरू करा. खांद्यातून हात फिरवत मोठे गोल, आडवे इंग्रजी आठ (8), लाटा. ते विनासायास जमले की मोठी अक्षरं, मग टेबलावर कागद, आणि शेवटी नेहमीचा आकार. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बोट आखडायला लागलं की त्याच क्षणी पेन खाली. आखडलेल्या हाताने ओळ पूर्ण केली तर मेंदू आखडण्याचाच सराव करतो. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण काम संपवायची घाई असते. आणि हे आठवड्यांचं नाही, महिन्यांचं काम आहे.

स्प्लिंट (बोटं-मनगट धरून ठेवणारा आधार) घालायचाच तर फक्त सरावापुरता. दिवसभर घातला तर सांधे आखडतात.

निळी_शाई:
व्हिडिओ काढतो. इंजेक्शनने हात लुळा पडेल अशी त्याला भीती आहे. आणि एकांनी हे मानसिक असल्याचं सांगितलंय.

चेतातंतू:
मानसिक नाही. शीही आणि मार्सडेन या संशोधक डॉक्टरांनी १९८२ मध्येच हा डिस्टोनिया असल्याचं नीट मांडलं. ताणाने तो वाढतो, ताणातून होत नाही.

इंजेक्शन बोट्युलिनम टॉक्सिनचं असतं, ते आवळलेला स्नायू काही काळ सैल करतं. बोटांचे स्नायू कोपर ते मनगट या भागात एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे सुई ईएमजी (स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) किंवा सोनोग्राफीच्या मदतीनेच घालणाऱ्याकडे जा. काही दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. डोस जास्त झाला किंवा शेजारच्या स्नायूत गेला तर बोट कमजोर पडतं, पण तेही ओसरतं. म्हणून पहिला डोस कमी ठेवतात आणि पुढच्या वेळी हिशेब सुधारतात. एकाच इंजेक्शनवरून "उपयोग नाही" असं ठरवू नका. वेगवेगळ्या ब्रँडची युनिट्स सारखी नसतात, तेव्हा दरवेळी ब्रँड आणि युनिट्स दोन्ही लिहून ठेवा. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून कमजोर पडण्याचा आजार) असेल तर आधी सांगायलाच हवं.

डिस्टोनियावर देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्यांचा फायदा थोड्यांनाच होतो. तोंड कोरडं पडणं आणि विसरभोळेपणा मात्र बऱ्याच जणांना जाणवतो. मेंदूची शस्त्रक्रिया हा पर्याय आहे, पण बाकी सगळं करून झाल्यावरचा.

हात_आणि_काम:
डाव्या हाताने शिकायला हरकत नाही, पण काही जणांत तोही पुढे आखडतो. म्हणून डावा हात पहिल्या दिवसापासून सैल पकडीनेच शिकवा, आणि जिथे टाइप करून किंवा बोलून भागतं तिथे लिहिणं टाळा. इंजेक्शन घेतलंत तर परिणाम दिसायला लागल्यावर बोर्डवरचा सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.