मदत हवी आहे: बाळाला ताप आहे, सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

घाटावरचा: बाळाला संध्याकाळपासून ताप आहे, दूधही नीट घेत नाहीये. कुठलं औषध देऊ? लवकर सांगा प्लीज.

निमा_क: वय? वजन? ताप किती?

पक्या७७: कालपरवा लस दिली का? आमच्या पोरीला त्या दीड महिन्याच्या इंजेक्शननंतर रात्रभर ताप होता, सकाळी खेळत होती. टेन्शन नको.

घाटावरचा: लस नाही दिली अजून, पुढच्या आठवड्यात आहे. अंगाला हात लावला की चटका बसतोय म्हणते. औषधाचं नाव सांगा ना, मेडिकल 11 ला बंद होतं.

निमा_क: म्हणते म्हणजे कोण? तुम्ही बाळाजवळ नाही का?

घाटावरचा: मी पुण्यात, बायको माहेरी चिपळूणजवळ. सासूबाई म्हणतात सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ रात्रीचं उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. आज 33 वा दिवस.

निमा_क: अहो हे आधी सांगायचं!! दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे घरी औषध नाही, आजच रात्री डॉक्टर. 100.4 किंवा जास्त असेल तर एवढंच कारण पुरे.

माईआजी: वेखंड-जायफळाचे दोन वेढे आईच्या दुधात द्या आणि ओव्याची धुरी. चार मुलं अशीच वाढवली. हल्ली जरा काही झालं की धावतात.

पक्या७७: ड्रॉप्स द्या की पॅरासिटामॉलचे, थोरल्याचे उरलेले असतील.

निमा_क: पक्या, ड्रॉप्स आणि सिरपची ताकद वेगळी असते, डोस वजनावर असतो, आणि एवढ्या लहानग्याचा ताप उतरवून ठेवला की आतलं दुखणं झाकलं जातं. माई, धुरी तर अजिबात नको, श्वासालाच त्रास होतो. घाटावरचा, बायकोला सांगा बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला, अर्ध्या मिनिटाची दुप्पट नको. फासळ्यांखाली खड्डा पडतोय का तेही बघा. दूध ओढत नाही म्हणजे किती?

माईआजी: धुरीने कुणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही.

घाटावरचा: दुपारपासून एकदाच घेतलं, तेही दोन घोट, मग झोपतंय. शेजारून थर्मामीटर आणला, 101.2. श्वास 68. खड्डा पडतोय म्हणते, आधीपासून असेल का?

अनु_दापोली: 60 च्या वर या वयात धोक्याचंच, खड्डाही आहे, उठवूनही पीत नाही, अजून कशाची वाट बघताय? 108 ला फोन, नाहीतर शेजाऱ्यांची गाडी, जे आधी दाराशी येईल ते. चमच्याने काही कोंबू नका, उराशी धरून न्या. आणि वाटेत अंग गार पडलं तर उतरला म्हणून परत फिरू नका, तेही वाईटच लक्षण. आमच्या भाच्याला तसंच झालं होतं.

सह्याद्री_रानवेडा: पाऱ्याचा होता की डिजिटल? डिजिटल एक डिग्री जास्त दाखवतात असा माझा अनुभव.

निमा_क: आत्ता नको रे.

घाटावरचा: निघाले. सासरे शेजाऱ्यांच्या गाडीने, सासूबाईच मांडीवर घेऊन बसल्यात.

घाटावरचा: पोचले. ऑक्सिजन लावलाय, रक्त घेतलं, न्यूमोनिया वाटतोय म्हणाले, अँटिबायोटिक सुरू. मी आता निघतोय, कुंभार्ली घाटात रेंज नसेल.

सह्याद्री_रानवेडा: पाटणच्या पुढे धुकं असतं, सावकाश या.